एका यंत्रावर दोन एन्जिनएक्स: पॅकेज, सोर्स आणि मधल्या वाटा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सेलूजवळच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचे संकेतस्थळ सांभाळणाऱ्या तरुण सहकाऱ्याने उबुंटू २४.०४ ही लिनक्स प्रणाली असलेल्या भाड्याच्या सर्व्हरवर आधी एपीटी या उबुंटूच्या साधनाने, तयार पॅकेजमधून, एन्जिनएक्स हे वेब सर्व्हरचे सॉफ्टवेअर बसवले. पुढे ‘पॅकेज म्हणजे शिळी भाकरी, सोर्सवरून बांधलेले ताजे असते आणि वेगात चालते’ असा एका वरिष्ठांचा सल्ला मिळाला, म्हणून त्याने पॅकेजची सेवा थांबवून नवी आवृत्ती सोर्स कोडवरून कंपाइल केली, म्हणजे मूळ कोडपासून स्वतः बांधली. चार महिने मोंढ्यातले सोयाबीन, तूर आणि कापसाचे भाव संकेतस्थळावर नीट दिसत होते. गेल्या आठवड्यात सर्व्हर पुरवणाऱ्यांनी देखभालीसाठी यंत्र रीस्टार्ट केले आणि तेव्हापासून भावांच्या जागी ‘वेलकम टू एन्जिनएक्स’ हे पान येते. स्वतः बांधलेले एन्जिनएक्स सुरू करायला जावे तर ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ ही ९८ क्रमांकाची त्रुटी येते. कॉन्फिगरेशनमध्ये बदल करून ‘एन्जिनएक्स -टी’ ही तपासणीची कमांड चालवली तर सारे ठीक असल्याचे उत्तर मिळते, पान मात्र जैसे थे राहते. हा घोळ कसा निस्तरावा आणि मुळात पॅकेज घ्यावे की सोर्सवरून बांधावे, असे त्याचे दोन प्रश्न आहेत.

आधी आपल्या यंत्रावर नेमके काय घडले ते पाहू. (कमांड आणि फाइलींचे मार्ग मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो आहे, टंकताना ते इंग्रजी लहान अक्षरांत टंकावेत, मोठे अक्षर लागेल तिथे तसे सांगेन.) आपल्या सर्व्हरवर दोन स्वतंत्र एन्जिनएक्स नांदत आहेत. पॅकेजने बसवलेल्याची मुख्य फाइल /यूएसआर/एसबिन मध्ये आहे, त्याचे कॉन्फिगरेशन /ईटीसी/एन्जिनएक्स मध्ये आहे, आणि यंत्र सुरू होताना सेवा उठवणारे सिस्टमडी त्याला ओळखते. सोर्सवरून बांधलेले मात्र /यूएसआर/लोकल/एन्जिनएक्स या एकाच डिरेक्टरीत सगळा संसार मांडून बसले आहे. त्याचे कॉन्फिगरेशन, त्याच्या लॉग फाइली, त्याची मुख्य फाइल सारे तिथेच आहे आणि सिस्टमडीला त्याचा पत्ताही नाही. आपण पॅकेजची सेवा ‘सिस्टमसीटीएल स्टॉप’ने थांबवली, ‘डिसेबल’ केली नाही. स्टॉप म्हणजे आजपुरते थांब. डिसेबल म्हणजे यंत्र पुन्हा सुरू झाल्यावरही उठू नकोस. चार महिने यंत्र बंदच झाले नाही म्हणून हा फरक जाणवला नाही. रीस्टार्ट होताच सिस्टमडीने त्याला माहीत असलेले एन्जिनएक्स उठवले, संकेतस्थळाच्या विनंत्या जिथे येतात ते ८० क्रमांकाचे पोर्ट त्याने धरले, आणि त्याच्याजवळ आपले संकेतस्थळ नसून केवळ स्वागताचे पान असल्यामुळे तेच जगाला दाखवले.

‘एन्जिनएक्स -टी’ने आपली दिशाभूल केली असे आपल्याला वाटते, वस्तुतः तिने खरेच सांगितले, पण ते दुसऱ्याविषयी. नुसते ‘एन्जिनएक्स’ टंकले की शेल, म्हणजे कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम, ती फाइल ठरावीक डिरेक्टऱ्यांमध्ये शोधते. त्या यादीत /यूएसआर/एसबिन असते, /यूएसआर/लोकल/एन्जिनएक्स/एसबिन नसते. म्हणजे आपण बदल एका घरात करत होतात आणि तपासणी शेजारच्या घराची होत होती. याची खातरजमा ‘पीएस ऑक्स’ या कमांडच्या उत्तरात होते. ‘मास्टर प्रोसेस’ या शब्दांपुढे मुख्य फाइलचा पूर्ण मार्ग लिहिलेला असतो; उबुंटूच्या पॅकेजचे एन्जिनएक्स चालू असेल तर त्या मार्गापुढे ‘-जी डेमन ऑन; मास्टर_प्रोसेस ऑन;’ अशी शेपटीही दिसते. ती शेपटी दिसली की चालू असलेले एन्जिनएक्स सिस्टमडीने उठवलेले आहे असे समजावे. ८० क्रमांकाचे पोर्ट कोणी धरले आहे हे ‘एसएस -एलटीएनपी’ सांगते.

शेतकरी भावाची वाट पाहत असतील, तेव्हा आजचा तात्पुरता उपाय आधी करावा. ‘सिस्टमसीटीएल डिसेबल --नाऊ एन्जिनएक्स’ या कमांडने पॅकेजचे एन्जिनएक्स थांबेल आणि पुढेही उठणार नाही. त्यानंतर /यूएसआर/लोकल/एन्जिनएक्स/एसबिन/एन्जिनएक्स असा पूर्ण मार्ग देऊन आपले एन्जिनएक्स सुरू करावे. भाव पुन्हा दिसू लागतील. मात्र यंत्र पुढच्या वेळी रीस्टार्ट झाले तर स्वागताचे पानसुद्धा दिसणार नाही, कारण तेव्हा कोणतेच एन्जिनएक्स आपोआप उठणार नाही. म्हणून कायमची व्यवस्था याच आठवड्यात लावावी.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण कायमची व्यवस्था कोणती हे त्याच्या उत्तरावर ठरते. आपल्यासारख्या एका माणसाच्या भरवशावर चालणाऱ्या संकेतस्थळासाठी माझे उत्तर निःसंदिग्धपणे पॅकेज असे आहे.

शिळ्या भाकरीची उपमा आपल्या भागात कोणालाही पटकन पटते, पण इथे ती लागू पडत नाही. उबुंटू २४.०४ मध्ये एन्जिनएक्स १.२४.० आहे आणि २०२९ पर्यंतच्या पाच वर्षांच्या नेहमीच्या मुदतीत तो आकडा बहुधा तसाच राहील. आकडा तसाच राहतो, आतील माल तसाच राहत नाही. सुरक्षेतला एखादा दोष सापडला की उबुंटूची मंडळी नव्या आवृत्तीतला तेवढाच दुरुस्तीचा तुकडा काढून १.२४.० ला जोडतात आणि पॅकेजच्या नावामागचा शेवटचा क्रमांक वाढवतात. याला बॅकपोर्ट म्हणतात. डेबियन आणि रेड हॅट यांचीही रीत हीच आहे. त्यामुळे सुरक्षा तपासणीचे एखादे साधन केवळ आवृत्तीचा आकडा वाचून ‘आपला सर्व्हर जुना आणि धोकादायक’ असा लाल अहवाल देते, तेव्हा घाबरून नवी आवृत्ती कंपाइल करायला बसू नये. ‘एपीटी चेंजलॉग एन्जिनएक्स’ चालवून त्या दोषाचा सीव्हीई क्रमांक (सुरक्षा दोषांना दिला जाणारा ओळख क्रमांक) तिथे नोंदलेला आहे का ते पाहावे. असे अहवाल घेऊन अस्वस्थ झालेली मंडळी माझ्याकडे वर्षातून चार-दोन वेळा तरी येतात, आणि बहुतेकांची दुरुस्ती कित्येक आठवडे आधीच झालेली असते.

सर्वांत नवे म्हणजे सर्वांत सुरक्षित, हे समीकरण मोडणारे एक उदाहरण सर्वांसमोर आहे. अपाची वेब सर्व्हरची २.४.४९ ही आवृत्ती सप्टेंबर २०२१ मध्ये आली आणि तिच्यातच एक नवा दोष शिरला. कॉन्फिगरेशन सैल असेल तर बाहेरच्या माणसाला संकेतस्थळाच्या डिरेक्टरीबाहेरच्या फाइली वाचता येत होत्या, आणि काही परिस्थितीत सर्व्हरवर कमांडही चालवता येत होती. ४ ऑक्टोबरला २.४.५० आली, ती दुरुस्ती अपुरी निघाली, आणि ७ ऑक्टोबरला २.४.५१ काढावी लागली. त्या वेळी उबुंटू २०.०४ च्या पॅकेजमध्ये २.४.४१ होती, तिच्यात हा दोष नव्हताच. ‘शिळी’ भाकरी खाणारे त्या आठवड्यात शांत झोपले आणि ताजी भाकरी भाजून घेणाऱ्यांनी चार दिवसांत दोनदा चूल पेटवली.

माझा स्वतःचा धडा याहून महागाचा होता. २०१३ साली नांदेडच्या एका पतसंस्थेच्या सर्व्हरवर सेंटओएस ६ ही लिनक्स प्रणाली होती. त्यातली ओपनएसएसएल ही कूटलेखनाची लायब्ररी १.०.० मालिकेतली असल्यामुळे टीएलएस १.२ हे सुरक्षित जोडणीचे नवे तंत्र मिळत नव्हते. ते हवे म्हणून मी ओपनएसएसएल १.०.१ चा सोर्स उतरवला आणि ‘--विथ-ओपनएसएसएल’ हा पर्याय देऊन एन्जिनएक्स त्याच्यासकट बांधले. या पर्यायाचा अर्थ मला तेव्हा पुरता उमगला नव्हता. तो दिला की ओपनएसएसएल वेगळ्या लायब्ररीच्या रूपाने न राहता एन्जिनएक्सच्या मुख्य फाइलीतच मुरते. ७ एप्रिल २०१४ रोजी हार्टब्लीड हा दोष जाहीर झाला, १.०.१ पासून १.०.१एफ पर्यंतच्या सर्व आवृत्त्यांत तो होता आणि सर्व्हरच्या मेमरीतील मजकूर, अगदी खासगी किल्लीसुद्धा, बाहेरून वाचता येऊ शकत होती. मी माझ्या देखरेखीखालच्या सगळ्या यंत्रांवर ‘यम अपडेट’ ही पॅकेजे अद्ययावत करणारी कमांड चालवली, सेवा रीस्टार्ट केल्या आणि निर्धास्त झालो. दोन दिवसांनी सहज म्हणून प्रत्येक यंत्राची बाहेरून चाचणी घेतली, तर बाकी सर्व यंत्रे सुधारलेली आणि नेमके ते एकच, ज्याचा मला अभिमान होता, उघडे पडलेले. यमने यंत्रावरची ओपनएसएसएलची लायब्ररी बदलली होती. माझ्या एन्जिनएक्सने पोटात घेतलेली जुनी प्रत तिला दिसणार कशी? पुन्हा कंपाइल करणे हे काम अर्ध्या तासाचे होते. नवी किल्ली तयार करणे, जुने प्रमाणपत्र रद्द करून नवे घेणे आणि ते दोन दिवस कोणी काय वाचले असेल याचे उत्तर संस्थेच्या संचालकांना देणे, हे काम अर्ध्या तासाचे नव्हते.

आपणही ही तपासणी आजच करावी. आपल्या एन्जिनएक्सचा पूर्ण मार्ग देऊन ‘-व्ही’ हा पर्याय मोठ्या व्ही अक्षरात चालवला की ते कोणत्या पर्यायांनी बांधले गेले याची संपूर्ण ओळ समोर येते. त्या ओळीत ‘--विथ-ओपनएसएसएल=’ आणि पुढे एखाद्या डिरेक्टरीचे नाव दिसले, तर ओपनएसएसएल पोटात आहे असे समजावे. फाइल कोणत्या लायब्ररी वापरते हे दाखवणारी ‘एलडीडी’ ही कमांड त्याच फाइलवर चालवल्यास उत्तरात ‘लिबएसएसएल’ दिसायला हवे. टीएलएस चालू असूनही ते दिसत नसेल तर निदान पक्के झाले.

वेगाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण सोर्सच्या बाजूने हाच मुद्दा सर्वाधिक मांडला जातो. वेब सर्व्हरचा बहुतांश वेळ वाट पाहण्यात जातो, नेटवर्कची, डिस्कची किंवा मागे बसलेल्या पीएचपी आणि डेटाबेसची. जे जड काम आहे ते एन्जिनएक्स स्वतः करत नाही. फाइल डिस्कवरून नेटवर्ककडे ढकलण्याचे काम कर्नल करते, मजकूर आवळण्याचे झेडलिब करते आणि कूटलेखनाचे ओपनएसएसएल करते, आणि ओपनएसएसएल तर प्रोसेसर कोणता आहे हे चालू असताना ओळखून त्याला साजेशा सूचना वापरते. त्यामुळे एन्जिनएक्स आपल्या प्रोसेसरसाठी खास कंपाइल करून पदरात पडते ते मोजण्याइतके क्वचितच असते. त्यात एक गंमत अशी, की एन्जिनएक्सच्या सोर्समध्ये काही न सांगता ‘कॉन्फिगर’ चालवले तर जीसीसी कंपाइलरला ‘-ओ’ ही पहिल्या पातळीची सूचना जाते. डेबियन आणि उबुंटू मात्र पॅकेज बांधताना ‘-ओ२’ ही वरची पातळी वापरतात, शिवाय मेमरीतल्या चुकांचा गैरफायदा घेणे अवघड करणारे संरक्षक पर्याय जोडतात. वेगासाठी म्हणून सोर्सवरून बांधणारा माणूस अनेकदा पॅकेजहून कमी पातळीवर बांधलेले एन्जिनएक्स वापरत असतो आणि त्याला ते ठाऊकही नसते. आपल्या मुखपृष्ठावर गोदामाचा चार एमबीचा फोटो आहे, असे आपण प्रश्नात ओघात लिहिले आहे. तो दोनशे केबीचा केला तर गावातल्या अशक्त नेटवर्कवर भाव पाहणाऱ्याला जो फरक जाणवेल, तो कोणत्याही कंपाइलरच्या पर्यायाने जाणवणार नाही.

पॅकेजमध्ये नसलेली एखादी सोय खरोखर हवी असेल, तर थेट सोर्सकडे धाव घेण्याआधी मधल्या तीन वाटा पाहाव्यात.

पहिली वाट एन्जिनएक्सच्या निर्मात्यांच्या स्वतःच्या रिपॉझिटरीची, म्हणजे पॅकेजांच्या साठ्याची, आहे. तिथे सम क्रमांकाची स्टेबल आणि विषम क्रमांकाची मेनलाइन अशा दोन्ही शाखांची तयार पॅकेजे मिळतात, आणि एपीटीच्या यादीत ती रिपॉझिटरी व तिची सही तपासणारी किल्ली जोडली की अद्ययावत करण्याचे काम एपीटीच करते. १.२५.० पासून आलेले एचटीटीपी/३ हवे असेल तर ही वाट पुरेशी आहे. एक खाचखळगा मात्र ध्यानात ठेवावा. उबुंटूचे पॅकेज ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ या वापरकर्त्याच्या नावाने चालते, निर्मात्यांचे पॅकेज ‘एन्जिनएक्स’ या वापरकर्त्याच्या नावाने. पीएचपीची पाने चालवणाऱ्या पीएचपी-एफपीएमचे सॉकेट ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’च्या मालकीचे असल्यामुळे बदल केल्याबरोबर स्थिर पाने दिसतात, पीएचपीची पाने मात्र ५०२ ही त्रुटी देतात आणि एरर लॉगमध्ये ‘१३: परमिशन डिनाइड’ अशी ओळ येते. शिवाय या पॅकेजमध्ये ‘साइट्स-अव्हेलेबल’ आणि ‘साइट्स-एनेबल्ड’ या डिरेक्टऱ्या नसतात, सगळे ‘कॉन्फ.डी’मध्ये ठेवायचे असते.

दुसरी वाट डायनॅमिक मॉड्यूलची. फेब्रुवारी २०१६ मधल्या १.९.११ पासून एन्जिनएक्सला मॉड्यूल, म्हणजे जादा सोयीचा तुकडा, बाहेरून जोडता येते. आधी ‘लिबएन्जिनएक्स-मॉड’ या नावाने सुरू होणारी उबुंटूची तयार पॅकेजे चाळावीत. हवे ते मॉड्यूल तिथेच सापडण्याची शक्यता बरीच असते. न सापडल्यास नेमक्या त्याच आवृत्तीचा, म्हणजे आपल्याकडे १.२४.० चा, सोर्स उतरवावा, ‘--विथ-कॉम्पॅट’ देऊन कॉन्फिगर करावा आणि ‘मेक मॉड्यूल्स’ने तेवढीच एक फाइल बांधावी. ती ‘लोड_मॉड्यूल’ या ओळीने जोडली की एन्जिनएक्स पॅकेजचेच राहते आणि पाहुणे एकच मॉड्यूल असते. आवृत्ती जुळली नाही तर एन्जिनएक्स सुरू व्हायलाच नकार देते. उबुंटूच्या एलटीएसमध्ये, म्हणजे दीर्घ मुदतीच्या आवृत्तीत, आकडा स्थिर असतो, त्याचा इथे फायदाच होतो.

तिसरी वाट, म्हणजे उबुंटूचाच सोर्स ‘एपीटी सोर्स’ने आणून, त्यात बदल करून पुन्हा डेब पॅकेज बांधणे, ही सवयीच्या माणसासाठी उत्तम आहे, आपल्याला तिची गरज पडेल असे वाटत नाही.

याउपरही सोर्सवरूनच बांधायचे ठरले, तर पॅकेज आपल्यासाठी न बोलता जी कामे करत होते ती सर्व आपल्या अंगावर येतात, हे मान्य करून बांधावे. सोर्सची टार.जीझेड फाइल उतरवल्यावर तिच्याबरोबरची सहीची फाइलही उतरवावी आणि जीपीजीने पडताळावी. कंपाइल रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, म्हणून करू नये; साध्या वापरकर्त्याने ‘मेक’ करावे आणि केवळ ‘मेक इन्स्टॉल’ सुडोने चालवावे. आधी बिल्ड-इसेन्शियल आणि पीसीआरई२, झेडलिब, ओपनएसएसएल यांची डेव्ह पॅकेजे लागतात. पीसीआरई नसेल तर कॉन्फिगर थांबते आणि हवे तर रीराइट मॉड्यूल वगळा असेही सुचवते. घाईतला माणूस ती सूचना पाळतो, बांधणी पार पडते, आणि मग कॉन्फिगरेशनमधल्या ‘रीराइट’ किंवा ‘रिटर्न’च्या ओळीवर एन्जिनएक्स ‘अननोन डिरेक्टिव्ह’ म्हणून का अडते याचा शोध संध्याकाळभर चालतो. तसेच एचटीटीपीएससाठी लागणारे एसएसएल मॉड्यूल सोर्समध्ये मागितल्याशिवाय मिळत नाही, ‘--विथ-एचटीटीपी_एसएसएल_मॉड्यूल’ लिहावेच लागते. या सर्वांवर सोपा तोडगा असा की पॅकेजच्या एन्जिनएक्सवर मोठ्या व्हीचा पर्याय चालवून त्यांची कॉन्फिगर ओळ समोर ठेवावी आणि तिच्यातूनच आपली ओळ तयार करावी. ‘--यूझर’ दिला नाही तर कामगार प्रोसेस ‘नोबडी’च्या नावाने चालतात, हेही त्या ओळीकडे पाहिले की लक्षात येते. ओपनएसएसएल पोटात घालू नये, यंत्रावरचेच वापरावे. कारण वर सांगितले आहे.

बसवण्याची जागा आवृत्तीच्या नावाची असावी, उदाहरणार्थ /ऑप्ट मध्ये त्या आवृत्तीच्या क्रमांकाची डिरेक्टरी, आणि ‘करंट’ नावाची सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या मार्गाकडे नेणारी खूण, तिच्याकडे वळवलेली. एन्जिनएक्सला ‘मेक अनइन्स्टॉल’ नाही. ‘मेक इन्स्टॉल’ पुन्हा चालवल्यास ते जुन्या मुख्य फाइलला ‘.ओल्ड’ नाव देऊन बाजूला ठेवते आणि आपले एन्जिनएक्स.कॉन्फ पुसत नाही, एवढी सभ्यता त्यात आहे. पण तिसऱ्यांदा चालवल्यावर पहिल्या आवृत्तीकडे परतण्याची वाट उरत नाही. सिमलिंक असेल तर मागे फिरणे एका ओळीचे काम होते.

त्यानंतर सिस्टमडीची युनिट फाइल स्वतः लिहावी लागते, जिच्यात सुरू करण्याआधी ‘-टी’ची तपासणी, पीआयडी फाइलचा मार्ग आणि रीलोडची कमांड असेल, आणि ती ‘एनेबल’ करावी लागते. आपल्या बाबतीत नेमकी हीच कडी निखळली. जुन्या लॉग फाइली वेळोवेळी बाजूला काढणाऱ्या लॉगरोटेटची नोंदही स्वतःच करावी लागते. ती केली नाही तर ॲक्सेस लॉगची एकच फाइल महिनोन्महिने फुगत जाते, आणि ती हाताने उडवली तरी एन्जिनएक्सला यूएसआर१ हा सिग्नल मिळेपर्यंत ते त्याच उडवलेल्या फाइलीत लिहीत राहते, डिस्क काही रिकामी होत नाही. आपण /यूएसआर/लोकल/एन्जिनएक्स/लॉग्ज मध्ये जाऊन एकदा आकार पाहावाच. शेवटी, कॉन्फिगरची ओळ एका छोट्या स्क्रिप्टमध्ये लिहून जपून ठेवावी, कारण पुढच्या दुरुस्तीच्या दिवशी घाई असते आणि मागच्या वेळी काय दिले होते ते कोणालाच आठवत नाही.

अपाचीविषयी दोनच वाक्ये लिहितो. त्याच्या सोर्सला एपीआर आणि एपीआर-यूटिल ही जोडगोळी आधी लागते, ते /यूएसआर/लोकल/अपाची२ मध्ये जाऊन बसते, आणि ‘ए२एनसाइट’, ‘ए२एनमॉड’ या कमांड डेबियनच्या घरच्या असल्याने तिथे चालत नाहीत. पॅकेज की सोर्स याविषयीचे बाकी विवेचन त्यालाही बहुतांशी लागू आहे.

आता आपल्या सर्व्हरची कायमची व्यवस्था. ती मोंढ्यातले सौदे आटोपल्यावर, सायंकाळी करावी. प्रथम /यूएसआर/लोकल/एन्जिनएक्स ही संपूर्ण डिरेक्टरी टार करून आपल्या संगणकावर उतरवून घ्यावी. दोन्ही एन्जिनएक्सच्या कॉन्फिगर ओळी शेजारी ठेवून आपल्या बांधणीत एखादे जादा मॉड्यूल आहे का ते पाहावे. असल्यास त्याच्या सूचनेवर पॅकेजचे एन्जिनएक्स ‘अननोन डिरेक्टिव्ह’ म्हणून अडेल. मग संपूर्ण एन्जिनएक्स.कॉन्फ न उचलता केवळ आपल्या संकेतस्थळाचा ‘सर्व्हर’ हा कंस /ईटीसी/एन्जिनएक्स/साइट्स-अव्हेलेबल मध्ये नव्या फाइलीत ठेवावा, त्याची सिमलिंक साइट्स-एनेबल्ड मध्ये करावी आणि तिथली ‘डिफॉल्ट’ नावाची सिमलिंक काढावी. स्वागताचे पान तिच्यातूनच येत होते.

हलवताना मार्गांकडे विशेष लक्ष द्यावे. सोर्सच्या कॉन्फिगरेशनमध्ये ‘रूट एचटीएमएल’ असे अर्धे मार्ग चालतात, कारण ते /यूएसआर/लोकल/एन्जिनएक्स पासून मोजले जातात. पॅकेजमध्ये तेच /यूएसआर/शेअर/एन्जिनएक्स पासून मोजले जातील आणि पुन्हा स्वागताचेच पान समोर येईल. म्हणून पाने /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू खाली न्यावीत आणि मार्ग पूर्ण लिहावेत. ‘नोबडी’च्या मालकीच्या कॅशच्या किंवा अपलोडच्या डिरेक्टऱ्या असतील तर त्यांची मालकी ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’कडे द्यावी. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचे एचटीटीपीएस प्रमाणपत्र जास्तीत जास्त नव्वद दिवसांचे असते, म्हणजे या चार महिन्यांत ते एकदा तरी नवे झाले असणार. त्यानंतर रीलोड करणारी ओळ आपण कुठे तरी लिहून ठेवली असेल, बहुधा प्रमाणपत्र आपोआप नवे करणाऱ्या सर्टबॉटच्या डिप्लॉय हुकमध्ये किंवा ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या क्रॉनमध्ये. तिच्यात जुना मार्ग असेल तर तो बदलून ‘सिस्टमसीटीएल रीलोड एन्जिनएक्स’ करावा, अन्यथा काही आठवड्यांनी ब्राउझर प्रमाणपत्र संपल्याची तक्रार करू लागेल आणि त्याचा संबंध आजच्या कामाशी आहे हे कोणाला सुचणार नाही.

त्यानंतर ‘-टी’ चालवावी. या वेळी ती योग्य घराची तपासणी करेल. ठीक असल्याचे उत्तर आले की जुन्या एन्जिनएक्सला त्याच्या पूर्ण मार्गाने ‘-एस क्विट’ सांगावे आणि लगेच ‘सिस्टमसीटीएल एनेबल --नाऊ एन्जिनएक्स’ चालवावे. खंड दोन-चार सेकंदांचा पडेल. ‘कर्ल -आय’ (आय मोठे) आपल्या पत्त्यावर चालवल्यास ‘सर्व्हर’ या ओळीत १.२४.० आणि त्यापुढे कंसात उबुंटू असे दिसेल. सोर्सच्या बांधणीत तो कंस नसतो, म्हणून हा पुरावा पक्का. /यूएसआर/लोकल/एन्जिनएक्स लगेच पुसू नये, तिचे नाव बदलून ठेवावे, म्हणजे एखादी राहिलेली वाट तिच्याकडे जात असेल तर ती त्याच रात्री त्रुटीच्या रूपाने समोर येईल.

आणि मग, आपण स्वतः समोर बसलेले असताना, यंत्र मुद्दाम रीस्टार्ट करावे. ते परत आल्यावर कार्यालयातल्या संगणकावर नव्हे तर फोनच्या मोबाइल डेटावर भावाचे पान उघडून पाहावे, ‘कर्ल’ची तीच ओळ पुन्हा तपासावी, आणि महिनाभर तक्रार आली नाही तर नाव बदललेली ती डिरेक्टरी आणि तिच्यासाठी बसवलेले बिल्ड-इसेन्शियल काढून टाकावे.